खासदारसाहेब, आपण मत कुठे दिले?

साथींनो,

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पेन्शनच्या प्रश्नावर आमच्या शाखेचे एक शिष्टमंडळ एका खासदारांना भेटायला गेले होते. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. साहेबांनी आम्हाला बसवून घेतले, चहा पाजला, निवेदन हातात घेऊन फोटोही काढू दिला. एका गाडीच्या थांब्याविषयी आमच्यासमोरच कोणाला तरी फोन लावला. आम्ही खूष झालो. तेवढ्यात आमच्यातला एक तरुण ट्रॅकमन उभा राहिला. तो २००४ नंतर नोकरीला लागलेला. त्याने सरळ विचारले, "साहब, पेन्शन वाले बिल पर आपने हाँ कहा था कि ना?"

साहेब थोडे थांबले आणि म्हणाले, "बेटा, वो तो पार्टी का मामला होता है."

पोराने पुन्हा विचारले, "उस दिन आप हाउस में थे क्या?"

या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या भेटीची वेळ झाली असे सांगण्यात आले आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर आल्यावर मी त्या मुलाला रागावलो. मोठ्या माणसाला असे तोंडावर विचारायचे नसते, काम बिघडते, असे मी त्याला म्हणालो. तो काही बोलला नाही. आज या स्तंभातून कबूल करतो की त्या खोलीत एकच कामाचा प्रश्न विचारला गेला, आणि तो त्या मुलाने विचारला. चूक माझी होती.

आपल्याला काय कळवले जाते?

लोकप्रतिनिधी जनतेशी बोलत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट ते फार बोलतात. दिवाळीचे भेटकार्ड येते. वाढदिवसाचे फलक स्टेशनच्या चौकापासून थेट बाजारापर्यंत लागतात. प्रत्येक खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी असतो. १९९३ साली ही योजना सुरू झाली तेव्हा ती रक्कम पाच लाख होती. त्या निधीतून बाक बसला तर बाकाच्या पाठीवर खासदारांचे नाव रंगवलेले असते. नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवताना फलाटावर उभे राहायला जागा मिळत नाही.

आमच्या भागात २००३ साली बिलासपूरला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले आणि रायपूरला वेगळे डिव्हिजन मिळाले. त्याआधी आमचा कारभार कोलकात्याच्या गार्डन रीचमधून चालत असे. झोन मिळाला याचा आनंद आम्हालाही आहे. पण ते श्रेय कोणाचे, यावर आजही दर निवडणुकीत भाषणे होतात. प्रत्येक पक्ष सांगतो, आम्ही आणले.

आता विचार करा. जे मिळाले त्याचे श्रेय घ्यायला प्रत्येक जण पुढे येतो. पण जे गेले, म्हणजे पेन्शन गेली, संपाचा हक्क आकसला, टपालाचा जुना कायदा बदलला, त्या दिवशी मी सभागृहात अमुक बाजूला मत दिले, असे सांगणारे पत्रक तुमच्यापैकी कोणाच्या घरी आले आहे का? पोस्टमन बांधवांनो, पत्रे तर तुमच्याच हातून जातात. असे एखादे पत्र तुम्ही कधी वाटले आहे काय?

खासदाराचे पहिले काम गाडी थांबवणे हे नाही. कायदा करताना होय किंवा नाही म्हणणे हे आहे. बाक कोणीही बसवू शकतो. मत मात्र तोच एकटा देऊ शकतो, आणि ते तो आपल्या नावाने देतो. म्हणून त्या मताचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

सभागृहात मत कसे पडते?

आपल्यापैकी पुष्कळांना ही रीत माहीत नसते. मलाही अनेक वर्षे माहीत नव्हती. म्हणून थोडक्यात सांगतो.

राज्यघटनेच्या शंभराव्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृहातला निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. गणपूर्तीला एक दशांश सभासद पुरतात. लोकसभेत म्हणजे पंचावन्न. विधेयक मताला आले की अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. दोन्हीकडून आवाज होतो. ज्या बाजूचा आवाज मोठा वाटला ती बाजू जिंकली असे अध्यक्ष जाहीर करतात. याला ध्वनिमत म्हणतात. यात कोण काय म्हणाले याची नोंद राहत नाही.

एखाद्या सभासदाने या निर्णयाला हरकत घेऊन मतविभाजन मागितले तर गोष्ट वेगळी होते. घंटा वाजते, लॉबी रिकामी केली जाते, दरवाजे बंद होतात आणि सभासद आपापल्या जागेवरून बटण दाबतात. होय, नाही किंवा तटस्थ. मग नावानिशी यादी होते आणि ती वादविवादाच्या छापील खंडात जाते. मतविभाजनाची मागणी अनाठायी आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते सभासदांना जागेवर उभे करून नुसते डोके मोजू शकतात. त्या वेळी नावे नोंदली जात नाहीत.

म्हणजे कायदा दोन प्रकारे होतो. नावासकट आणि नावाशिवाय. आपले बहुतेक कायदे नावाशिवाय होतात. आपल्या दुखण्याची मुळी इथे आहे.

परक्यांच्या राज्यात नावे होती

आता एक जुनी तारीख आठवा. ८ एप्रिल १९२९. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी सभागृहात कोणते विधेयक मंजूर होत होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते होते ट्रेड डिस्प्यूट्स बिल, म्हणजे औद्योगिक कलहांचे विधेयक. त्या कायद्याने रेल्वे, टपाल, तार यांसारख्या लोकोपयोगी सेवांमध्ये चौदा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करणाऱ्या कामगाराला तुरुंगाची शिक्षा ठेवली. साथींनो, तो कायदा तुमच्या आमच्या आजोबांसाठी केलेला होता.

ते विधेयक ५६ विरुद्ध ३८ मतांनी मंजूर झाले. राज्य इंग्रजांचे होते. मतदानाचा हक्क मूठभर लोकांना होता. सभागृहात सरकारने नेमलेले सभासद बसत होते. आपल्या मराठी मुलखातले ना. म. जोशी हे कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे होते, पण तेही निवडून गेलेले नव्हते, नेमलेले होते. तरीही संपावर बंधने घालणाऱ्या त्या कलमांना त्यांनी उघड विरोध केला. इतके सगळे अपुरे असताना त्या दिवशी मते मोजली गेली. कामगाराविरुद्ध छप्पन आणि विरोधात अडतीस, हा हिशेब इतिहासात राहिला.

याच्यानंतर नऊ वर्षांनी, १९३८ साली, मुंबई कायदेमंडळात औद्योगिक कलहांचे दुसरे विधेयक आले. आणणारे सरकार आपले होते, काँग्रेसचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा भायखळा-परळ भागातून निवडून आलेले आमदार आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. सप्टेंबर महिन्यात त्यांनी सभागृहात उभे राहून या विधेयकाला विरोध केला. संपाचा हक्क काढून घेणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, अशी त्यांची भूमिका होती. विधेयक मंजूर होणार हे त्यांना दिसत होते. पण सभागृहात बोललो म्हणजे झाले, असे म्हणून ते घरी बसले नाहीत. ते कामगारांकडे गेले, सभा घेतल्या, आपण काय केले आणि का केले ते सांगितले. कम्युनिस्टांशी त्यांचे मतभेद जगजाहीर होते, तरी ते त्यांच्याबरोबर उभे राहिले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बाबासाहेब मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेला आले होते. तिथेही त्यांनी कामगारांपुढे आपली भूमिका आडपडदा न ठेवता मांडली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले. सगळ्यांना ते पटले असेल असे नाही. पण आपला आमदार कोणत्या बाजूला उभा आहे हे परळच्या कामगाराला विचारावे लागत नव्हते. सभागृहातली भूमिका आणि मैदानातले भाषण एकच होते. लोकप्रतिनिधीचा जनसंपर्क म्हणजे हा.

२०१३ : नावे आहेत, आम्ही वाचली नाहीत

आता आपल्या काळात या. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. लष्कर वगळले गेले. रेल्वे आणि पोस्ट आत आले. हा निर्णय २२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेने झाला. तेव्हा सरकार वाजपेयींचे होते. पोरांच्या पगारातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के कपात सुरू झाली. या व्यवस्थेला संसदेचा पक्का कायदा मिळायला २०१३ साल उजाडले. तेव्हा सरकार मनमोहन सिंगांचे होते.

४ सप्टेंबर २०१३ रोजी लोकसभेत पेन्शन निधी नियामक प्राधिकरणाचे विधेयक मताला आले. त्या दिवशी मतविभाजन झाले. बाजूने १७४, विरोधात ३३. सत्ताधारी पक्षाने विधेयक आणले आणि मुख्य विरोधी पक्षाने त्याला साथ दिली. विरोध प्रामुख्याने डाव्यांचा आणि काही प्रादेशिक पक्षांचा होता. दोन दिवसांनी राज्यसभेनेही ते मंजूर केले.

१७४ आणि ३३ मिळून २०७ होतात. लोकसभेच्या जागा ५४३. म्हणजे लाखो केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या म्हातारपणाचा निर्णय होत असताना तीनशेहून अधिक जागांचा होय किंवा नाही यात कुठेच हिशेब नाही. त्यातल्या काही जागा रिकाम्या असतील, कोणी आजारी असेल, कोणी तटस्थ राहिला असेल, अध्यक्ष तर मत देतच नाहीत. ते सगळे सोडले तरी उरलेले कुठे होते? गैरहजर राहणे हेही एक मत असते. फक्त त्याची किंमत दुसरा कोणी भरतो.

इथे दोष खासदारांचाच आहे असे मी म्हणणार नाही. आपण त्या काळात धरणे धरले, काळ्या फिती लावल्या, डी.आर.एम. ऑफिससमोर घोषणा दिल्या. पण ती नावांची यादी किती शाखांनी मागवून वाचली? किती नोटीस बोर्डांवर ती लागली? आमच्या शाखेने लावली नाही. मी सचिव आहे, म्हणून ही जबाबदारी माझी. नावे छापलेली होती, खंड उपलब्ध होता, आणि आम्ही २०१४ च्या निवडणुकीत पुन्हा झोन, थांबा आणि फलाटाच्या गोष्टी ऐकत बसलो. त्या तरुण ट्रॅकमनने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर आमच्याच कपाटात असायला हवे होते.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी मंत्रिमंडळाने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. ती चांगली की अपुरी, हा वेगळा लेख होईल. पण आपण सगळे हे लक्षात घ्या की २००३ चा निर्णय अधिसूचनेने झाला आणि २०२४ चा मंत्रिमंडळाच्या बैठकीत. मधल्या वीस वर्षांत सभासदांना नावानिशी होय किंवा नाही म्हणावे लागले ते मोजक्या वेळी, आणि तेव्हाही आपण पाहिले नाही.

२०२० : नावेच नाहीत

२०१३ ची निदान यादी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये तर तीही नव्हती. करोनाचे दिवस होते. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द केलेला होता. २२ सप्टेंबरला लोकसभेने आणि २३ सप्टेंबरला राज्यसभेने तीन कामगार संहिता मंजूर केल्या. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा. शेती विधेयकांवरून आणि आठ राज्यसभा सदस्यांच्या निलंबनावरून वाद पेटलेला होता, म्हणून विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला होता. संहिता ध्वनिमताने मंजूर झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या.

त्यात काय आहे? पूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन आपल्यासारख्या लोकोपयोगी सेवांना होते. आता ते सगळ्या उद्योगांना लागू झाले. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच वेळी रजा टाकली तर तोही संप ठरतो. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला लागत होती, आता तीनशेच्या कारखान्याला लागते. म्हणजे १९२९ साली रेल्वे आणि टपाल कामगाराच्या गळ्यात जी दोरी पडली ती ९१ वर्षांनी साऱ्या कामगारवर्गाच्या गळ्यात आली.

तेव्हा ५६ आणि ३८ होते. आता आकडा नाही, नाव नाही. ज्यांनी होय म्हटले ते मतदारसंघात येऊन सांगत नाहीत की आम्ही होय म्हटले. आणि ज्यांनी बहिष्कार घातला त्यांनाही विचारले पाहिजे. बाहेर गांधीजींच्या पुतळ्यापाशी फलक धरला, ठीक. त्यामागे कारण होते, तेही ठीक. पण आत बसून मतविभाजन मागायला एक सभासद राहिला असता तर प्रत्येकाला बटण दाबावे लागले असते. बहिष्कार हा निषेध असेल, पण तो कागदावर "नाही" म्हणून लिहिला जात नाही.

टपाल बांधवांचेही तेच झाले. १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला. राज्यसभेने तो ४ डिसेंबर २०२३ रोजी आणि लोकसभेने १८ डिसेंबरला मंजूर केला. पत्रे पोचवण्याचा जो एकाधिकार जुन्या कायद्याने टपाल खात्याला दिला होता तो नव्या कायद्यात नाही. लोकसभेत ज्या दिवशी हे विधेयक ध्वनिमताने मंजूर झाले त्याच दिवशी तिथले ३३ विरोधी सभासद निलंबित झाले होते. सव्वाशे वर्षांचा कायदा बदलला आणि पोस्टमनला आपल्या खासदाराचे मत माहीत नाही.

पक्षाचा आदेश आणि आपला प्रश्न

यावर खासदार काय उत्तर देतात ते ठाऊक आहे. पक्षाचा व्हिप असतो, आम्ही काय करणार? ही अडचण खोटी नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सभासदत्व जाऊ शकते. 'आयाराम गयाराम' थांबावेत म्हणून हा कायदा झाला. तो नसावा असे मी म्हणत नाही. मताचा बाजार आपण पाहिला आहे. एका मताची किंमतही पाहिली आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मताने पडले.

पण व्हिप असला म्हणून तोंड बंद होत नाही. पक्षाच्या बैठकीत बोलता येते. सभागृहात दुरुस्ती सुचवता येते. आणि काहीच करता आले नाही तर मतदारसंघात येऊन सांगता येते, की पक्षाचा आदेश असा होता, म्हणून मी असे मत दिले, मला ते पटले होते किंवा पटले नव्हते. एवढे सांगायला कोणता कायदा आड येतो? सभागृहात दिलेल्या मताबद्दल घटनेच्या १०५ व्या अनुच्छेदाने खासदाराला न्यायालयापासून संरक्षण दिले आहे. मतदारापासून दिलेले नाही.

काही साथी म्हणतील, मत गुप्त असते, आपण कसे विचारायचे? साथींनो, गुप्त असते ते तुमचे मत. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, तेव्हा तुम्ही कोणाला मत दिले हे विचारायचा मला अधिकार नव्हता आणि नाही. पण युनियनचा सचिव म्हणून मी पी.एन.एम. च्या बैठकीत तुमच्या वतीने काय बोललो हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मत देणाऱ्याचे मत झाकलेले असावे, प्रतिनिधीचे उघडे असावे. लोकशाही याच नियमावर उभी आहे.

हे काही आपणच शोधून काढलेले नाही. विलायतेत हाउस ऑफ कॉमन्सने १८३६ पासून मतविभाजनाच्या याद्या अधिकृतपणे छापल्या. अमेरिकेत १९०६ साली सॅम्युअल गॉम्पर्स यांच्या कामगार महासंघाने आपल्या मागण्या काँग्रेसपुढे ठेवल्या, कोणता सभासद कामगारांच्या बाजूने आणि कोणता विरुद्ध उभा राहिला हे कामगारांपुढे मांडले, आणि मित्राला निवडा, शत्रूला पाडा असे सांगितले. आपण तेवढेही म्हणत नाही. आपण फक्त म्हणतो, सांगा.

शाखांनी काय करावे?

नुसता राग करून भागणार नाही. आमच्या शाखेने काही गोष्टी ठरवल्या आहेत. आपणही विचार करावा.

पहिली गोष्ट, आपले नाव राहत्या ठिकाणच्या मतदार यादीत आणा. आपल्यातले कितीतरी जण भंडारा, गोंदिया, वर्धा, अमरावतीकडचे. नोकरी रायपूर, दुर्ग, भिलाईला आणि नाव गावच्या यादीत. गावचा खासदार म्हणतो, हा इथे राहत नाही. इथला म्हणतो, हा माझा मतदार नाही. दोन्हीकडून आपण सुटतो. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरा.

दुसरी, प्रत्येक शाखेत एक मत-वही ठेवा. साधी शंभर पानी वही. त्यात रकाने काढा. विधेयकाचे नाव, तारीख, ध्वनिमत की मतविभाजन, आपले खासदार होय, नाही, तटस्थ की गैरहजर, आणि आपल्या पत्राला आलेले उत्तर. वादविवादाचे खंड छापले जातात आणि आता संगणकावरही मिळतात. शाखेतला एखादा तरुण हे काम महिन्यातल्या एका संध्याकाळी करू शकतो. इंग्रजी-हिंदीतली नावे मराठीत उतरवून बोर्डावर लावा. सुरुवात ४ सप्टेंबर २०१३ पासून करा.

तिसरी, कामगार, रेल्वे किंवा टपाल विषयाचे विधेयक येणार असे कळताच खासदारांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. पत्र एक पानाचे असावे, प्रश्न तीनच असावेत. आपण त्या दिवशी सभागृहात राहणार का? आपण कोणत्या बाजूला मत देणार? आणि आपण मतविभाजनाची मागणी करणार का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो सत्ताधाऱ्याला जितका लागू आहे तितकाच विरोधकालाही.

चौथी, जे उत्तर येईल ते जसेच्या तसे बोर्डावर लावा. अनुकूल असो की प्रतिकूल. एखाद्या खासदाराने प्रामाणिकपणे लिहिले की मी विधेयकाच्या बाजूने मत दिले आणि माझी कारणे अशी, तर ती कारणेही लावा. त्याच्याशी वाद घालू, पण त्याचा मान ठेवू. उत्तर आले नाही तर तेवढेच लिहा, "उत्तर नाही". त्याखाली शिवी नको, टोमणा नको.

आणि एक सावधगिरी. आपण सरकारी नोकर आहोत. आचरण नियमांप्रमाणे आपल्याला पक्षाचा प्रचार करता येत नाही. बदली, बढती अशा स्वतःच्या कामासाठी खासदाराचे वजन आणणेही नियम २० प्रमाणे मना आहे. रेल्वेत आणि पोस्टात दोन्हीकडे हा नियम आहे. म्हणून पत्र युनियनच्या नावाने जाईल, धोरणाच्या प्रश्नावर जाईल, सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना एकाच मजकुराचे जाईल. कोणाला मत द्या हे बोर्डावर लिहिले जाणार नाही. आणि खरे सांगायचे तर बदलीची चिठ्ठी मागायला जो खासदाराच्या दारात उभा राहतो, त्याच्या तोंडून कायद्याचा प्रश्न निघत नाही. आपली मान आधी आपणच सोडवली पाहिजे.

शेवटी

तो तरुण ट्रॅकमन आज आमच्या शाखेच्या कार्यकारिणीत आहे. मत-वहीची कल्पना मांडली तेव्हा ती लिहायचे काम त्याने मागून घेतले. मी स्वतः जुन्या पेन्शनचा माणूस. थोड्याच वर्षांत निवृत्त होईन आणि दर महिन्याला माझी पेन्शन बँकेत जमा होत जाईल. उन्हापावसात रुळावर हातोडा घेऊन चालणाऱ्या त्या मुलाची तशी होणार नाही. ज्या दिवशी हे ठरले त्या दिवशी सभागृहात कोण बसले होते आणि कोण बसले नव्हते, हे त्याला कळायलाच हवे. मी त्याला तेव्हा गप्प केले. पुन्हा कोणत्याही शाखेच्या सचिवाने असे करू नये.

पुढचे शिष्टमंडळ जाईल तेव्हा निवेदनाबरोबर ती वहीही घेऊन जाऊ. थांबा मागू, फलाटावर पाणी मागू, आपल्या क्वार्टरची गळती सांगू. ते सगळे सांगायचेच आहे. पण उठण्याआधी वही उघडून समोर ठेवू आणि नम्रपणे विचारू, साहेब, या रकान्यात आपल्या नावापुढे काय लिहू?

कामगार एकजुटीचा विजय असो!

सचिव, रायपूर शाखा